हेडरात भरलेलं धान

“बाई, आता जे सांगतो ते तुले खरं वाटणार नाही. भंडारा जिल्ह्यात कोणालेच नाही वाटणार,” अड्याळला थोरल्या बहिणीच्या छपरीत पाय पसरत इश्वर म्हणाला, आणि तिच्या तोंडाकडे न बघता त्याने पाण्याचा गडवा उचलला.

सखाबाई नवं लुगडं नेसून, पिशवी भरून, सकाळपासून तयार बसली होती. गुडघे गेल्यापासून तिला एसटीची पायरी चढवत नव्हती, आणि त्यामुळे कितीतरी भाऊबीजा माहेरावाचून गेल्या होत्या. यंदा भाऊ स्वतःच्या गाडीने न्यायला येणार, हे तिने साऱ्या गल्लीत सांगून ठेवलं होतं. भाऊ तर आला. गाडी दिसेना.

“गाडी कुठं ठेवली?”

“तेच तं सांगून राहिलो. बीचमंधी बोलू नको.”

गाडी म्हणजे जवाहरनगरच्या एका साहेबाने बदली होताना स्वस्तात दिलेली जुनी एस्टीम. इंजिनाचा धूर जिथून बाहेर पडतो तो बिडाचा मेनिफोल्ड दसऱ्यालाच तडकला होता. धूर सरळ आत यायचा. बसणाऱ्याला वाटावं, आपण ओल्या लाकडाच्या चुलीपुढे बसलोय. त्या जुन्या गाडीचा मेनिफोल्ड नागपूरच्या भंगारातही सापडेना. शेवटी त्याच्या पोरीने, तृप्तीने, मोबाईलवरून त्याच्या जागी बसणारा हेडर मागवला. चार चकचकीत नळ्या, वरून वेगळ्या निघून खाली एकीत शिरलेल्या. इश्वरच्या बायकोने, मंदाबाईने, हेडरला हळदकुंकू लावलं आणि विचारलं, “हे कोणत्या गाईची कास आणली जी?”

कास दिसायला छान होती, पण गाडीत शिरेना. इंजिन आणि रेडिएटर यांच्या मधे जागा किती, तर एका चुलीपुढे सासू-सुनेला असते तेवढी. इश्वर वरून वाकला, खालून झोपला, बाजूने तिरका झाला. बोल्टची भोकं जुळवली की तिसरी नळी पंख्याला घासायची. नळी सरकवली की भोकं रुसायची. पाना आत गेला तर फिरेना, फिरला तर बोटं बाहेर येईनात. हाताची सालटं निघाली. पाडव्याचा दिवस, सारी गॅरेजं बंद, आणि उद्या भाऊबीज.

वेल्डिंगवाला भुपेंद्र सासुरवाडीला गेलेला. त्याने फोनवर सांगितलं, “काका, तिसऱ्या नळीले दाब द्या. पण आंधी कोरडी रेती गच्च ठासून भरा, दोन्ही तोंडं बंद करा, तापवून लाल करा, मंगच ठोका. नाही तं नळी चेपून जाईल.”

आता आली का पंचाईत. वैनगंगेच्या काठी जन्म गेला आणि मूठभर कोरडी रेती मिळू नये. परतीच्या पावसाने अंगणातला ढीग ओलाकच्च. वाळवायला ऊन नाही. इश्वरने घरात नजर फिरवली, तर कोरडं म्हणण्यासारखं एकच होतं: ढोलीतलं गेल्या सालचं धान. दाणा रेतीएवढाच कडक, शिवाय घरचा. त्याने नळी भरली, ठासली, लाकडाची बुचं मारली आणि भांड्यांना डाग देणाऱ्या कासाराकडून आगीचा झोत फेकणारी बत्ती आणली.

“काय करून राहिले जी?” मंदाबाईने विचारलं.

“कासेले चारा देऊन राहिलो.”

इथवर त्याने जसं घडलं तसं सांगितलं. पुढचं सांगायचं तर दोन वाक्यांचं काम होतं. पण छपरीच्या कोपऱ्यात ती भरलेली पिशवी होती, आणि पिशवीच्या वर माहेरच्या भावजयीसाठी खणाची पुडी.

“मंग?” सखाबाई म्हणाली.

“मंग काय. बत्ती लावली अन् आतमंधी तडतड सुरू झाली. लाह्या, बाई, लाह्या. बूच उडालं ते शेजारच्या श्यामरावच्या छपराच्या कवेलूतून पार. अन् लाह्यांनी आतून असा जोर लावला की नळी आपोआप वाकली, जितकी पाहिजे तितकीच. हातोडा हाती नाही घेतला मी.”

“असं?”

“हेडर गाडीत असा बसला जसा पाटावर नवरदेव. चाबी फिरवली अन् सायलेन्सरातून लाह्याच लाह्या. पुलावर तं मांगचे सारे लोक हात जोडून उभे. त्यायले वाटलं कोणाची तिरडी चालली.”

सखाबाईच्या ओठांची एक कड हलली. इश्वरला तेवढंच हवं होतं. गोष्ट संपली की गाडी दाखवावी लागणार, म्हणून तो गोष्ट संपू देईना. नदीवरचे बगळे त्याने गाडीच्या मागे लावले. बगळ्यांमागे कुत्री, कुत्र्यांमागे दिवाळीच्या मंडईला, गावच्या जत्रेला, निघालेली दंडारीची नाचणारी मंडळी, झांजा वाजवत. एक एसटी त्याने नाल्यापाशी थांबवून ठेवली, ड्रायव्हर खाली उतरून खिशात लाह्या भरतोय. पुढे काय आणावं ते त्याला सुचेना. त्याने घोटभर पाणी प्यायलं. गडव्यात पाणी नव्हतंच, तरी प्यायलं.

“मंग गाडी?”

“गाडी हाय ना. तेथंच, मंडईपाशी. बगळे रस्ता सोडत नाहीत, म्हणून मी पैदल आलो. आता सुटतीनच ते.”

सखाबाईने गुडघ्यावर हात ठेवले. उठायला नव्हे, तसेच ठेवले. मग तिने त्याची सोललेली बोटं बघितली.

“मी जनमभर लाह्या फोडल्या, इश्वर,” ती म्हणाली. “कोंडलेल्या धानाची लाही होत नाही. दाण्याले फुटायले जागा लागते. तुहं धान जळून कोळसा झालं, नळीतच चिकटून बसलं, अन् गाडी तुह्या अंगणातून हललीच नाही.”