धाकटीची पेटी

माझ्या जिभेला हाड नाही, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. खरंच आहे ते. कुणी विचारलं तर मी जे आहे ते सांगते, आणि न विचारताही बरेचदा सांगून मोकळी होते. माझ्या धाकट्या जावेला ते चालायचं. गच्चीवर मधमाश्यांच्या पाच पेट्या होत्या, चार माझ्या आणि एक तिची. हे खूळ आम्ही दोघींनी एकदमच डोक्यात घेतलं होतं. आमचे हे म्हणायचे, घरात दोन जावा कमी पडल्या म्हणून गच्चीवर पन्नास हजार आणल्या.

थंडी सरता सरता धाकटी गेली. संध्याकाळी पोटात दुखायला लागलं. भाऊजी, म्हणजे माझे दीर, तिचा नवरा, म्हणाले, सकाळी बघू. सकाळी बघण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं.

तेव्हापासून भाऊजी भेटेल त्याला एकच प्रश्न विचारायचे. आदल्या दिवशीच नेलं असतं तर? यांना विचारलं, शेजाऱ्यांना विचारलं, दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांनासुद्धा विचारलं. सगळे म्हणायचे, अहो, तुमच्या हातात काय होतं. डॉक्टर म्हणाले, आता तो विचार करू नका. भाऊजी मान हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी आणखी कुणाला तरी विचारायचे. लोक आपल्याला बरं वाटावं म्हणून बोलतात, हे न कळण्याइतके ते दूधखुळे नव्हते. जेवण अर्ध्यावर आलं होतं, दाढी वाढली होती. मला मात्र त्यांनी एकदाही विचारलं नाही. का, ते मला समजत होतं. माझ्याकडून खरं उत्तर येईल याची त्यांना धास्ती होती.

रोज संध्याकाळी चहाचा कप घेऊन ते गच्चीवर जायचे आणि बादली पालथी घालून धाकटीच्या पेटीशेजारी बसायचे. पेटीला हात लावू द्यायचे नाहीत. माश्या झाडांचा चिकट डिंक आणून झाकणाच्या फटी बुजवतात. ते झाकण शेवटचं धाकटीनं बसवलेलं, त्यामुळे ते उचकटायचं नाही.

"राहू द्या वहिनी. तिच्या हातचं आहे."

मी दोनदा म्हटलं, एकदा उघडून बघू या. दुसऱ्यांदा तर चांगली वादावादी झाली. मग मी गप्प बसले. माझ्या मानानं ही मोठीच गोष्ट.

पण पेटी म्हणजे काही कपाट नव्हे, बंद केलं आणि आतलं जसंच्या तसं राहिलं. लोकांना वाटतं, राणी म्हणजे बसल्या जागी हुकूम सोडणारी. कसला हुकूम? ती बिचारी दिवसभर अंडी घालते, आणि कमी घालायला लागली की कामकरी माश्याच तिला बदलून टाकतात. घर चालवतात त्या कामकरीच. जन्मल्या की आधी पोळ्यातली घरं पुसायची, मग पोरं भरवायची, मग मेण काढून बांधकाम, मग दारावर पहारा, आणि सगळ्यात शेवटी बाहेर फुलांवर. ऐन हंगामात महिना-दीड महिना राबतात आणि पंख फाटून कुठंतरी पडतात. राणीचा वास एकीकडून दुसरीकडे पसरत सगळ्या पेटीभर फिरतो. तो येतोय तोवर सगळ्या कामाला. तो थांबला की त्यांना दिवसभरातच कळतं. तेव्हा पेटीत अगदी कोवळ्या अळ्या असल्या तर त्यातल्याच काहींना खास खाऊ घालून नवी राणी करतात. नसल्या, की संपलं.

पुढे फुलं आली. माझ्या चार पेट्यांच्या दारात माश्या पायांना पिवळे पराग लावून उतरत होत्या. आत पोरं असली की पराग लागतातच. धाकटीच्या पेटीवर मात्र बहुतेक रिकाम्या पायांनी यायच्या, आणि दारात जाडजूड नर एकमेकांवर आपटत होते. मला काय समजायचं ते समजलं.

भाऊजी मात्र खूश होते. त्यांचा धंदा शिलाई मशीन दुरुस्तीचा. झाकण न उघडता नुसत्या आवाजावरून बिघाड सांगतात, आणि त्यांचं सहसा चुकत नाही. एका संध्याकाळी पेटीला कान लावून म्हणाले, "ऐका वहिनी. कसा भरून येतोय आवाज. मशीन अशी वाजली की समजायचं, आत सगळं ठीक आहे."

माझं डोकं सटकलं.

"भाऊजी, हा आवाज नरांचा आहे. खायला काळ नि भुईला भार. ना पराग आणतात, ना पहारा देतात. हे असे वाढले म्हणजे आत राणी नाही."

"असं कसं? तिच्या हातच्या माश्या आहेत या."

"तिच्या हातची एकही नाही आता. तिनं हाताळलेल्या सगळ्या कधीच मेल्या. यातली एकसुद्धा तिला ओळखत नाही."

बोलले आणि जीभ चावली. भाऊजींनी हातातला कप खाली ठेवला आणि जिना उतरून गेले. मला माझीच चीड आली. माणसाला टेकायला एक लाकडी खोकं उरलं होतं, तेही मी काढून घेतलं.

थोड्या वेळानं ते परत आले. हातात दुकानातला मोठा स्क्रूड्रायव्हर होता.

"उघडा," म्हणाले.

मी धूर दिला आणि झाकण उचकटलं. डिंक कडकन तुटला, भाऊजींनी डोळे मिटून घेतले. पोळं बांधलेली एकेक चौकट मी उजेडात धरली. राणी नव्हतीच. एका चौकटीच्या कडेला राणीचं जुनं घर लोंबत होतं, टोकाला कापून उघडलेलं. म्हणजे जुनीच्या जागी माश्यांनी नवी केली होती, ती नरांना भेटायला बाहेर उडाली आणि परत आली नाही. पाखरानं टिपली असेल. तोवर जुनीच्या अळ्या मोठ्या होऊन गेलेल्या. दुसरी राणी करायची कशातून? मग कामकरीच अंडी घालायला लागल्या. त्यांना ते येत नाही. एकेका घरात तीन-तीन, चार-चार अंडी, आणि त्यातून निघतात फक्त नर. आवाज वाढत जातो, राबणारे हात कमी होत जातात.

हे सगळं मी भाऊजींना चौकटीवर बोट ठेवून दाखवलं. त्यांनी नीट ऐकलं, उघडलेलं मशीन बघावं तसं वाकून बघितलं.

"आता काय करायचं?"

"या माश्या माझ्या पेट्यांपुढे झटकायच्या. पोटात मध घेऊन दारात गेल्या की पहारेकरी सहसा आत घेतात. ही पेटी मात्र संपली."

ते खाली बघत म्हणाले, "तुम्ही पहिल्यांदा म्हणालात, तेव्हा उघडली असती तर?"

ते कशाबद्दल विचारतायत, ते मला कळलं. आमच्या यांनी पटकन म्हटलं असतं, नाही रे, तुझ्या हातात काय होतं. माझ्याही तोंडावर तेच आलं होतं.

"वाचली असती," मी म्हटलं. "माझ्याकडची अंड्यांची एक चौकट यात दिली असती, की त्यातून त्यांनी राणी केली असती. दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हाही वाचली असती. तुम्ही उघडू दिली नाही म्हणून गेली."

त्यांचा चेहरा उतरला. पण त्यांनी मान हलवली. या वेळी ते खरंच पटलं होतं.

"आणि ती?"

माझ्या हातात चौकट होती. तिच्यावरचं मेण मी खरवडत राहिले.

"ती नसती वाचली. मी डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं होतं. आदल्या दिवशी नेलं असतं तरी नसती वाचली."

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी नजर हलवली नाही. मग ते बादलीवर बसले आणि तिच्या जाण्यानंतर पहिल्यांदा मोठ्यानं रडले. मी मध्ये पडले नाही. रडून झाल्यावर त्यांनीच उठून दुसऱ्या बाजूनं पेटी धरली. आम्ही माश्या झटकल्या, आणि अंधार पडायच्या आत बहुतेक सगळ्या माझ्या पेट्यांत गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली. त्यानंतर तो प्रश्न त्यांनी कुणालाच विचारला नाही. उलट परवा शेजारी सांत्वन करायला लागले तर त्यांना म्हणाले, "वहिनींनी सांगितलंय मला. त्या खोटं बोलत नाहीत."

मी स्वयंपाकघरात होते, मी ऐकलं. डॉक्टरांना मी काहीच विचारलं नव्हतं. माझी हिंमत झाली नव्हती.