कानामागचा साचा

तुळसाला डॉक्टर लोकांचा धाक वगैरे काही नव्हता. गिरण्यांच्या संपात पोरांना एक दिवस उपाशी झोपू न देणारी बाई ती, पांढऱ्या कोटाला काय भिणार? पण नवऱ्याच्या मानेमागचं हाड कापायचं म्हटल्यावर मात्र ती घाबरली.

नवरा जगन, लोअर परळच्या गिरणीत साचे चालवायचा. साचा म्हणजे माग. संपात नोकरी गेली त्याला सोळा वर्षं झाली होती. अलीकडे खोकला आला की त्याचं डोकं फुटायचं, चालताना भिंत धरावी लागायची. एमआरआय काढला तर मेंदूचा खालचा भाग घसरून मानेत उतरलेला. जन्मापासून असेल, मानेमागचं हाड कापून त्याला जागा करून द्यावी लागेल, डॉक्टर म्हणाले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कालिंदी नावाची शिकाऊ डॉक्टर सगळं पुन्हा विचारायला आली. कानात आवाज येतो का? जगन म्हणाला, नाही. तुळसा भडकलीच. वर्षभर हा माणूस उजव्या कानात साचा चालतो म्हणून चाळभर सांगत होता! पण चाळीतले निम्मे पुरुष साचेखात्यातले, मागांच्या खडखडाटाने कान गेलेले, ओठ वाचून बोलणारे. सगळे म्हणायचे, आमच्याही कानात चालतो. मग ते दुखणं कोण धरणार? त्यात काय सांगायचं, असं जगनचं म्हणणं.

"येतो आवाज," तुळसा म्हणाली. "हे बोटानं ठेका दाखवतात ना, तो बरोब्बर मानेतल्या नाडीवर पडतो. मी बघितलंय."

कालिंदीने स्टेथोस्कोप त्याच्या कानामागे टेकवून ऐकलं. मग तिने तो तुळसाच्या कानाला लावला. घस्स, घस्स. नवऱ्याच्या डोक्यातला आवाज तुळसाला बाहेरून ऐकू येत होता.

ऑपरेशन थांबलं. तपासात निघालं की कानामागे एक धमनी थेट शिरेला जोडली गेली होती; त्यातून धावणाऱ्या रक्ताचाच तो आवाज. रक्त उलटं तुंबून मेंदूला खाली ढकलत होतं, जन्माचं काही नव्हतंच. जांघेतून बारीक नळी घालून डॉक्टरांनी तो जोड बुजवला. हाड कापायचं की नाही, ते तीन महिन्यांनी बघू म्हणाले. ते तीन महिने तुळसाचा जीव टांगणीला लागला होता.

नव्या एमआरआयमध्ये मेंदू आपल्या जागी वर गेलेला. हाड कापायची गरज नाही, कालिंदीने हसत सांगितलं.

हॉस्पिटलच्या गेटाबाहेर पडताच जगन तरातरा पुढे निघाला.

"अहो, थांबा की जरा, धाप लागली मला," तुळसा मागून म्हणाली, आणि तिथेच फुटपाथवर बसून आनंदाने पोटभर रडली.