माझ्या कुशीवरचा पोचा

मित्रांनो, माझ्या पोटात आता पाणी अर्धा तासही गरम राहत नाही, तरी लोक मला थर्मासच म्हणतात. मी स्टीलचा आहे, जुना आहे, आणि माझ्या डाव्या कुशीला अंगठा बसेल एवढा पोचा आहे. जो तो त्यावर बोट फिरवून विचारतो, "हा कुठे आपटला?" तेच सांगणार आहे. पण आधी थोडी माझी बढाई ऐकून घ्या, म्हाताऱ्या वस्तूंना तेवढी हौस असते.

माझा जन्म अर्जेंटिनातल्या एका कारखान्यात झाला. पत्र्याच्या दोन भिंती आणि त्यांच्या मध्ये काहीच नाही, हवासुद्धा नाही. त्या पोकळीतच माझी सारी ताकद होती. रोसारिओ शहरातल्या रुफिनो नावाच्या ट्रकवाल्याने मला विकत घेतलं आणि चौदा वर्षं शेजारच्या सीटवर बसवलं. आमच्याकडे माते पितात. सुक्या भोपळ्याच्या वाटीत कडू पाला भरायचा, वरून गरम पाणी ओतायचं, आणि एकाच नळीने सगळ्यांनी पाळीपाळीने प्यायचं. पाला कुणाचाही असो, पाणी माझं! "हा थर्मास नाही, माझा जोडीदार आहे," असं रुफिनो ढाब्यावर सर्वांना सांगायचा, आणि मी मनातल्या मनात फुगायचो. खिडकीबाहेर सपाट मैदानं तासन्‌तास वाहत असायची. मला वाटायचं, आम्ही जागीच आहोत आणि जगच मागे चाललं आहे.

जानेवारीत, ऐन उन्हाळ्यात, रुफिनो बायको आणि मुलीला घेऊन समुद्रावर जायचा. मुलीचं नाव आयलेन. ती सहा वर्षांची असताना एकदा त्या गर्दीत हरवली. आमच्या किनाऱ्यांवर यासाठी एक रीत आहे. हरवलेलं मूल ज्याला सापडेल, तो त्याला खांद्यावर उंच धरतो आणि आसपासचे सगळे टाळ्या वाजवू लागतात. आई-बाप त्या आवाजाच्या रोखाने येतात. ते येईपर्यंत टाळ्या थांबवायच्या नाहीत. रुफिनो मला काखोटीला मारून धावला. त्याचं काळीज माझ्या पत्र्यावर धडधडत होतं, ते मी आजही विसरलेलो नाही.

आयलेन एका आइस्क्रीमवाल्याच्या खांद्यावर बसून मुकाट्याने इकडेतिकडे बघत होती.

"अगं, हाक नाही का मारायची? घसा काय घरी ठेवून आलीस?" रुफिनो रडत रडत तिच्यावर ओरडला.

"टाळ्या वाजत होत्या ना," ती म्हणाली. "मला माहीत होतं, तू येशील."

पुढे तिच्या सतराव्या वर्षी रुफिनो छातीच्या दुखण्याने गेला. मला धुऊन-पुसून कपाटावर ठेवण्यात आलं, आणि मग सगळे मला विसरले. तीन वर्षं मी तिथे होतो. माझ्या झाकणाखाली एका कोळ्याने संसार थाटला. मित्रांनो, थर्मासला रिकामं राहण्याचं दुःख नसतं, कारण तो रिकामाच असतो. पण कुणी उघडून बघतसुद्धा नाही, याचं फार वाईट वाटतं.

मग एके दिवशी आयलेनने खुर्चीवर चढून मला खाली घेतलं. नावेल आणि ब्रिसा या दोन मित्रांसोबत ती पाठपिशवी घेऊन फिरायला निघाली होती, थेट ब्राझीलला. कोळ्याला तिने अलगद खिडकीबाहेर सोडलं. मी तिच्या पिशवीला टांगला गेलो आणि पुन्हा जग मागे चालू लागलं. बस, मग दुसरी बस, मग कुणाच्या तरी टेम्पोच्या मागचा भाग. केळीच्या बागा आल्या, लाल माती आली, ढगांत शिरलेले घाट आले. तिघं माते पीत, गात, एकमेकांच्या खांद्यावर झोपत. मीही अर्धवट झोपेत असायचो, आणि कधी कधी मला वाटायचं की गाडी रुफिनोच चालवतो आहे.

रिओला पोचेपर्यंत तिघांचे खिसे फाटके झाले होते. पुढे उत्तरेला जायचं तर काही दिवस काम करणं भाग होतं. जेनिवालकाकांनी त्यांना ठेवून घेतलं. हे काका किनाऱ्यावरच्या फेरीवाल्यांना माल पुरवायचे. माल कोणता? माते! पण थंडगार, बर्फ आणि साखर घातलेला. स्टीलच्या दोन टाक्या पट्ट्याने दोन खांद्यांना लटकवायच्या, एकीत माते, दुसरीत लिंबू सरबत. दोन्ही पेल्यात मिसळून द्यायचं आणि तापल्या वाळूतून ओरडत फिरायचं. थंड माते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. असा अधर्म मी जन्मात पाहिला नव्हता.

नावेलची जीभ म्हणजे लोणी. तो आज्यांना 'सुंदरी' म्हणून चार-चार पेले विकायचा. ब्रिसा गाणी जुळवायची. आयलेनचा मात्र आवाजच फुटेना. ती छत्र्यांमधून फिरायची, कुणाशेजारी उभी राहायची आणि समोरच्याचं लक्ष जाईल याची वाट बघायची. टाक्या भरलेल्या जायच्या आणि भरलेल्याच परत यायच्या. ती दुपारीच रडवेली होऊन त्या काकांकडे परत करायची.

"आयले, तुझी हाळी ऐकून माशीसुद्धा वळून बघत नाही," नावेल चिडवायचा.

"गप रे! तू तिला घाबरवू नकोस," ब्रिसा म्हणायची. "आयले, नुसतं 'मातेऽऽ' म्हण. एकदा. माझ्यासाठी."

आयलेन तोंड उघडायची. आत नुसता वारा.

शनिवारी जेनिवालकाकांनी तिला बाजूला घेतलं. "पोरी, तू गुणाची आहेस. पण सरबत काय आपल्या पायांनी चालत जाऊन गिऱ्हाइकाला भेटतं? हा पट्टा मागायला दारात दहाजण उभे आहेत. उद्या सूर्य बुडेपर्यंत टाक्या रिकाम्या करून आण, नाहीतर पट्टा खुंटीला लाव आणि सुखानं घरी जा."

घरी म्हणजे एकटीने, सोमवारच्या बसने. नावेल आणि ब्रिसा उत्तरेला जाणार आणि ती परत त्या कपाटाच्या घरात. त्या दिवशी तिने माझ्यातून पाणी ओतून घेतलं आणि मला छातीशी धरून हळूच म्हणाली, "बाबा असता तर ओरडून दाखवलं असतं त्यानं." मी गरम राहिलो, माझ्याने तेवढंच होत होतं.

रविवारी संध्याकाळी किनाऱ्याच्या टोकाशी असलेल्या आर्पोआदोरच्या खडकावर माणसं दाटीवाटीने बसली होती. आयलेनच्या टाक्या अजून निम्म्या भरलेल्या होत्या. नावेल आणि ब्रिसा आपला माल संपवून तिला सोबत करायला आले होते. चिडवणं बंद होतं. तिघंही खडकाच्या मागच्या उतारावर उभे होते, मी आयलेनच्या हातात. समुद्र तांब्याच्या परातीसारखा झाला होता, आणि पुढच्या गर्दीत सगळे हळूहळू बोलायचे थांबले.

आणि एकदम टाळ्या सुरू झाल्या.

आधी दोन-चार जणांच्या, मग शंभरांच्या, मग सगळ्या खडकाच्या. तिघांची तोंडं पांढरी पडली. अर्जेंटिनाच्या माणसाला समुद्रावर टाळ्यांचा एकच अर्थ ठाऊक. ब्रिसा लाटांकडे बघत कडेला धावली. नावेल वाकून आडव्या आलेल्या प्रत्येक पोराला विचारू लागला, "तुझी आई कुठंय रे? आणि तुझी?" आयलेनने तर हातातलं सगळं टाकलं. सगळं म्हणजे मी. खडकावर आपटत, ठणठणत मी खाली गेलो आणि माझ्या कुशीत काहीतरी कायमचं मोडलं. पण त्याच वेळी मी तिचा आवाज ऐकला.

"कुणाचं मूल आहे? उंच धरा त्याला! अहो, उंच धरा, दिसत नाहीये!"

असा आवाज! टाक्या खांद्यावर हिंदकळत असताना ती गर्दीतून वाट काढत ओरडत होती आणि अख्खा खडक तिच्याकडे वळला. टाळ्या विरल्या.

पुढच्या रांगेतल्या हिरव्या टोपीच्या एका जाड्या आजींनी विचारलं, "कुठलं मूल गं?"

"हरवलेलं! टाळ्या कशाला वाजवताय मग?"

"अगं वेडे, सूर्य बुडाला ना! रोज एवढं छान बुडतो, त्याला शाबासकी नको?"

लोक पोट धरधरून हसले. नावेल एका परक्या मुलाला उचलून उभा होता, त्याने त्याला गुपचूप खाली ठेवलं. आयलेनचे कान लाल झाले. ती हसायला लागली आणि हसता हसता तिला रडू कोसळलं. मोडक्यातोडक्या भाषेत तिने आपल्याकडची रीत सांगितली, आइस्क्रीमवाल्याचा खांदा सांगितला, टाळ्या ऐकून तिचा बाप कसा धावत आला ते सांगितलं.

"मग आता कुठे आहे तुझा बाप?" आजींनी विचारलं.

"नाहीये."

मग आजींनी हातातला पेला खडकाच्या फटीत खोचला, नावेलला म्हणाल्या, "बघत काय बसलास, धटिंगणा? उचल तिला!" आणि त्या टाळ्या वाजवू लागल्या. नावेलने आयलेनला टाक्यांसकट खांद्यावर घेतलं. शेजारच्यांनी टाळ्या धरल्या, मग मागच्यांनी, मग सगळ्यांनी. सूर्य केव्हाच गेला होता. या टाळ्या त्याच्यासाठी नव्हत्या. मी खाली दोन दगडांच्या फटीत पडलो होतो, आणि शपथेवर सांगतो मित्रांनो, ते ओळखीचं काळीज माझ्या पत्र्यावर धडधडत होतं.

टाळ्या खूप वेळ थांबल्या नाहीत. मग आयलेनने वरूनच डोळे पुसले, नाक ओढलं आणि समुद्रावर ऐकू जाईल अशी हाळी दिली, "मातेऽऽ! थंडगार मातेऽऽ!" टाक्या रिकाम्या करायला तिला खडक उतरावाही लागला नाही.

जेनिवालकाकांनी पट्टा तिच्याकडेच ठेवला. मला हातात घेऊन मात्र ते म्हणाले, "याच्या भिंतीत हवा शिरली. आता याचा उपयोग नाही, फेक." आयलेन म्हणाली, "काका, तो माझ्या बाबांचा आहे, आणि तो माझ्यामुळे पडलाय." पुरेसे पैसे जमल्यावर तिने पट्टा परत केला, आणि तेव्हापासून आम्ही चौघं उत्तरेकडे फिरतो आहोत. माझ्यात ती आता काय भरते, सांगू? थंड माते, साखर घालून! अर्ध्या तासात तो कोमट होतो, पण नावेल आणि ब्रिसा नाक मुरडत का होईना, पितात. मीही अधर्माची सवय करून घेतली आहे.

म्हणून मित्रांनो, तुमच्या कपाटावर कुणी माझ्यासारखा बसला असेल तर त्याला खाली घ्या, झाकण उघडा, आत काय आहे ते बघा. पोचा आला म्हणून त्याला टाकू नका. आणि कधी कुठल्या समुद्रावर टाळ्या ऐकू आल्या, तर मान उंच करून बघा, कुणाच्या खांद्यावर एखादं मूल तर नाही ना. आयलेन अजूनही रोज बघते.