कवडीच्या जागी

मी एक जुनी गोगलगाय आहे. इतकी जुनी, की माझा आता दगड झाला आहे.

मित्रांनो, पुसेगावच्या बाजूला बंजाऱ्यांच्या तांड्याची विहीर आहे ना, तिथे एके काळी माझे तळे होते. काठावर प्रचंड जनावरे पाण्याला येत. त्यांचे पाऊल पडले की चिखल थरथरे आणि आम्ही शंखात शिरत असू. एके दिवशी ती आली नाहीत. चिखल मात्र थरथरतच राहिला. आधी राख पडली. मग वितळलेला लाल दगड वाहत आला आणि तळे झाकले गेले. त्यावर थर, पुन्हा थर. अंधारात पाण्याबरोबर गार, म्हणजे गारगोटीचा पांढरा दगड, झिरपत माझ्यात भरत गेली. मी केव्हा संपले आणि दगड केव्हा सुरू झाला, मला सांगता येणार नाही. वर कोण चालते, ते मी फक्त ऐकत होते. फार फार उशिरा दोन पायांची पावले ऐकू आली.

१९४१च्या उन्हाळ्यात ओढा आटला. विहिरीला पाणी लागले नाही तर तांडा उठवायचा, असे थावरा नाईकाने ठरवले होते. विहीर खणणाऱ्या ग्यानबाची पहार काळा दगड फोडून आमच्या थरात शिरली. अंधूक उजेडात त्याला आम्ही दिसलो, पांढऱ्या, दाटीवाटीने बसलेल्या. तो ओरडतच वर म्हाताऱ्या जिवनबाईकडे गेला.

"आजी, खाली कवड्या हायेत! तुमच्या घागऱ्यावर हायेत तशा. अख्खा तांडा गाडलाय तिथं!"

वर सगळ्यांना एक जुनी गोष्ट आठवली. जिवनबाईच्या आजीच्या वेळी एक तांडा मिठाचे बैल घेऊन निघाला होता. तो कुठेच पोचला नव्हता.

"बुजवा विहीर," थावरा म्हणाला. "आपल्याच माणसांवर पहार मारायची व्हय?"

"बुजवून काय माती पिशील? सोडा मला खाली," जिवनबाई म्हणाली.

"आजी, भ्याव न्हाई वाटत?" ग्यानबाने विचारले.

"माणसं माझी हायेत ना? मग मी काहून भिऊ? तू भे."

ती टोपल्यात बसून खाली आली. तिचे बोट माझ्यावरून फिरले. तळे बुजल्यापासून मला शिवलेला तो पहिला जिवंत जीव. तिने घागऱ्याची एक कवडी तोडून आमच्या फटीत खोचली आणि हळूच म्हणाली, "ही माझी खूण ठेवा. आमी बी तहानेलेच हाओत. जरा सरका."

आम्ही तिचे कोणी नव्हतो. पण ते सांगायला मला तोंड नव्हते.

ग्यानबाने डोळे मिटून घाव घातला. मी निखळून पडले आणि माझ्या मागच्या खाचेतून पाणी आले. कोमट. कसला वास येतो म्हणून सगळे हुंगत राहिले. मी ओळखला. तो माझ्या तळ्याचा वास होता.

जिवनबाईने तुटलेल्या कवडीच्या जागी मला दोऱ्याने गुंडाळून शिवले. होळीला ती नाचली, की मीही नाचले. यंदा, १९४८ साली, ती गेली. घागरा पेटीत पडला आहे. विहिरीला पाणी भरपूर, म्हणून तिची कदर उरली नाही; लोक आता तिच्यात केर आणि खापऱ्या टाकतात.

तसे करू नका; विहीर नासली, की तांडा उठेल. खाली माझ्या जागी जिवनबाईची कवडी आहे. तिच्यातही आता गार भरू लागली आहे. वर तुमची पावले वाजतात, ती ही कवडी ऐकत असते. माझ्या तळ्यावरची पावले थांबली, ते मी ऐकले आहे. मित्रांनो, तुमची पावले थांबल्याचे तिला ऐकावे लागू नये.