देवीच्या घरी कुकरची शिट्टी

"बोललं! पुस्तक बोललं!"

कळंबजवळचं गाव. समाजमंदिरापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. वाणीसिद्ध बाबा गरजत होता, "शाळेत मास्तर बोलतो, हितं साक्षात सरस्वती! अभ्यास कशाला? अंगारा खा, पास व्हा!"

त्यानं शाळकरी निकिताचं पुस्तक ओल्या बेलपानानं पुसलं, लाकडी देव्हाऱ्यापुढं धरलं, आत हात घालून घंटी वाजवली. आतून गोड आवाज आला, "मुलांनो, प्रकाश सरळ रेषेत जातो..."

बायांनी पटापट डोकी टेकली.

मागं उभ्या तारामतीबाईंच्या अंगावर काटा आला. भक्तीनं नव्हे, किळसेनं. या शाळेत नव्यानंच आलेल्या विज्ञानाच्या बाई त्या. आवाज त्यांचाच होता.

(गोष्ट इथं थांबवू.)

लॉकडाऊनमध्ये बाईंनी स्वयंपाकघरात उभं राहून धडे रेकॉर्ड केले, सगळ्यांसाठी मोफत ठेवले. पुस्तकातल्या काळ्या-पांढऱ्या चौकोनावर फोन धरला की धडा सुरू.

(आता दसरा.)

पाटीवर एकाचे आकडे मांडून सरस्वती काढतात. पुस्तकातला चौकोन तसाच दिसला, म्हणून बायांनी त्यालाही हळदकुंकू फासलं. पुढं बाईंनी मुलांना घरी धडा ऐकायला सांगितलं, तर एकाही फोनला चौकोन वाचता येईना. बोभाटा झाला: सरस्वती रुसली. रुसवा काढायला बाबा हजर.

(पुन्हा समाजमंदिर.)

बाबा निकिताच्या आईला म्हणाला, "राजेश्वरी, पोरीच्या जिभेवर देवी बसणार. आजच मठात सोड. शाळा बास."

निकितानं दप्तर छातीशी आवळलं. "आई, म्या न्हाय जाणार."

"गप! देवीपुढं तोंड वर करती व्हय?" आईनं दटावलं.

तारामतीबाई गर्दीतून पुढं घुसल्या. "बाबा, देवीला थांबवू नका. आता कुकर शिट्टी देईल. मग देवी म्हणेल, अहो, गॅस बंद करा."

देव्हाऱ्यातून शिट्टी वाजली. मग तोच गोड आवाज, "अहो, गॅस बंद करा जरा."

म्हातारी नागूबाई खदखदली. "अगं बया! देवीच्या घरी बी डाळ शिजती!"

बाबानं देव्हारा कवटाळला. बाईंनी दार ओढलं. आत फोन, कॅमेऱ्यापुढं भोक. घंटीच्या निमित्तानं आत गेलेला हात बटण दाबायचा.

"म्हंजी देवी तुमच्या अंगात येती, बाई!" राजेश्वरी त्यांच्या पायांवर कोसळली. तिच्यामागं रांगच लागली.

बाईंनी पाय मागं घेतले. बाबा चोर होता. पण पायांवरची ही कपाळं?

"उठा! अंगात कुणी येत नाही. मी शिकले, म्हणून शिकवते." त्यांनी दुसरं एक पुस्तक ओढलं, पदर ओला करून चौकोनावरचं कुंकू पुसलं. "राजेश्वरीताई, तुमचा फोन काढा. तुम्हीच धरा."

तिनं चौकोनावर फोन धरला.

"मुलांनो, प्रकाश सरळ रेषेत जातो..."

बाबा नाही. बेल नाही. घंटी नाही.

राजेश्वरीनं लेकीचा हात धरला. म्हणाली, "चल घरी. सकाळी शाळा हाय तुझी."

वाचकहो, सगळ्यांसाठी खुलं ठेवलेलं ज्ञान कुणी पेटीत कोंडून नमस्कार मागत असेल, तर वाकू नका. पेटीचं दार उघडा.