एक तास गप्प

पार्लरवालीला तासभर तोंड मिटून बसता येईल, यावर तिच्या घरात कुणाचाच विश्वास नव्हता. भुवया कोरता कोरता ती गिऱ्हाइकाच्या सासूपासून शेजारच्या मांजरापर्यंत सगळ्यांचा समाचार घ्यायची, आणि घरी आल्यावर तो सगळा धाकट्या जावेला पहिल्यापासून ऐकवायची. म्हणून तपासणीच्या खोलीबाहेर जावेने तिचा दंड धरला.

"ताई, एकच तास. जमेल ना?"

"न जमायला काय झालं? झोपेत मी गप्पच असते."

"कोण म्हणतं?" जाऊ म्हणाली.

दोघी खुदकन हसल्या, पण जावेची बोटं गार पडली होती. पाळी जाऊन सहा वर्षं झाल्यावर पार्लरवालीला पुन्हा रक्त दिसलं होतं. गर्भपिशवीतला तुकडा काढून तपासला, तर कॅन्सर निघाला. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "आजार पिशवीतच असला तर पुढच्या आठवड्यात ऑपरेशन करू, आणि बहुतेक यातून सुटाल. छातीत, मानेत पोचला असला तर ऑपरेशनला अर्थ नाही. मग औषधांवर जितकं लांबवता येईल तितकं." आजच्या तपासणीतून ते कळायचं होतं. पार्लरवालीला आयुष्यात पहिल्यांदा खरीखुरी भीती वाटत होती, आणि भीती वाटली की तिचं तोंड दुप्पट चालायचं.

टेक्निशियनने दंडात सुई टोचली. "हे साखरेसारखं औषध आहे. शरीरात जे जास्त काम करतं ते ही साखर ओढतं आणि मशीनमध्ये उजळून दिसतं. कॅन्सर तर फार अधाशी. पण तुम्ही बोललात, काही चावलंत, तर तुमचे स्नायूही साखर ओढतील आणि आमची फसगत होईल. तेव्हा बोलायचं नाही, चावायचं नाही, चुळबुळ करायची नाही. मी काचेतून बघतेय."

खोलीत दोन आरामखुर्च्या होत्या. दुसरीवर एक बाई ताठ बसल्या होत्या. चष्मा, इस्त्रीचे कपडे आणि साऱ्या वर्गाला गार करणारी नजर. निवृत्त हेडमास्तरीणबाई, हे न सांगताही कळत होतं. औषधांनी केस गेले असावेत, कारण डोक्यावर केसांचा टोप होता.

आणि तो टोप उलटा होता.

मागची बाजू पुढे, आणि कपाळावर कंपनीची चिठ्ठी लोंबतेय! बावीस वर्षं केसांत घालवलेल्या बाईने हे मुकाट्याने पाहायचं? तिने दहा मिनिटं छताकडे बघून काढली. मग राहवेना. तिने स्वतःच्या कपाळावर बोट टेकलं.

हेडबाईंना वाटलं, हिचं डोकं दुखतंय. त्यांनी घंटी दाबली.

टेक्निशियन धावत आली. हेडबाईंनी गंभीरपणे पार्लरवालीच्या डोक्याकडे बोट दाखवलं, पार्लरवालीने हेडबाईंच्या. दोघींच्या माना नकारार्थी हलल्या. "हात खाली," टेक्निशियन म्हणाली आणि वैतागून निघून गेली.

पार्लरवालीने पुन्हा नेट धरला. हवेत एक डोकं धरलं आणि हळूच फिरवून दाखवलं. हेडबाई विचारात पडल्या. मग त्यांनी टोपाला हात लावला, चिठ्ठी हाताला लागली, आणि मोठ्या रुबाबात त्यांनी टोप फिरवला. तो अर्ध्यातच अडकला. आता एका कानावर केसांचा पडदा, दुसऱ्या कानावर चिठ्ठी. त्यांनी नुसत्या भुवया उंचावून विचारलं: आता?

संपलं. पार्लरवालीने ओठ घट्ट मिटले, तर हसू पोटात उतरलं. बरगड्या गदागदा हलू लागल्या. समोर हेडबाईंचा चष्मा नाकावरून घसरला, खांदे उडायला लागले. आवाज म्हणून नाही. एकीचं थांबलं की दुसरीकडे बघायची आणि पुन्हा दोघी सुरू. मशीनकडे न्यायला टेक्निशियन आली तेव्हा दोघींचे गाल ओले होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरचं चित्र बराच वेळ पाहिलं. जावेने पार्लरवालीचा हात धरला होता.

"पिशवी उजळलीय, ते अपेक्षित होतं. पण गळाही उजळलाय. आणि बरगड्यांमध्ये, दोन्ही बाजूंना. काल बोललात?"

"एक शब्द नाही." खरंच तर होतं.

"खोकला?"

"नाही."

छाती, मान. पार्लरवालीच्या कानात नुसतं घुमू लागलं. डॉक्टरीणबाई कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "गंमत म्हणजे तुमच्या आधी ज्या बाईंची तपासणी झाली, त्यांच्याही नेमक्या याच जागा उजळल्यात. मशीन बिघडलं की काय?" आणि त्यांनी टेक्निशियनला बोलावलं.

"मशीन ठणठणीत आहे," टेक्निशियन म्हणाली. "या दोघी तासभर हसत होत्या. मी बोलू नका म्हटलं होतं. हसू नका असं आजवर कुणाला सांगावंच लागलं नव्हतं."

डॉक्टरीणबाईंनी चित्र पुन्हा खालून वर, इंच इंच पाहिलं. आठ्या गेल्या. "दोन्हीकडे सारखं आहे. स्नायूच आहेत हे, गाठ कुठेच नाही. आजार पिशवीच्या बाहेर पडलेला नाही. मंगळवारी ऑपरेशन करू."

जाऊ तिथेच रडायला लागली.

बाहेर बाकावर हेडबाई आपल्या पाळीची वाट बघत बसल्या होत्या. टोप आज सरळ होता, फक्त थोडा डावीकडे. पार्लरवालीने त्यांच्यासमोर उभं राहून तो दोन्ही हातांनी नीट बसवला, कानाशी एक बट मोकळी सोडली.

"काय म्हणाल्या?" हेडबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज ती पहिल्यांदाच ऐकत होती. "बोला की. आज परवानगी आहे."

पार्लरवालीने तोंड उघडलं. मग हसून मिटलं. तिने नुसते स्वतःच्या ओटीपोटावर दोन्ही हात ठेवले आणि हवेत, तिथल्या तिथे, एक लहानसं कुलूप लावून दाखवलं.

हेडबाईंना या वेळी बरोबर कळलं.