नळ्या व्हायच्या, तर गोळे झाले

निसर्गात सुव्यवस्था आपोआप निर्माण होते. तिला कुणाच्या हाताची गरज लागत नाही. ताईंच्या शोधनिबंधातलं हे पहिलंच वाक्य. निबंधावर ताईंचं नाव होतं, त्यांच्या मार्गदर्शक सरांचं होतं, आणि आता दोघांच्याही तोंडचं पाणी पळालं होतं.

पेप्टाइड म्हणजे प्रथिनासारखीच, पण आखूड साखळी. पाण्यात सोडल्या की या साखळ्या एकमेकींना बिलगून आकार घेतात. पाणी आंबट केलं तर एक आकार, तापवलं तर दुसरा. एकत्र कुटुंबासारखंच, हवा बदलली की गट बदलतात. ताईंच्या साखळ्यांच्या नळ्या झाल्या होत्या, केसाहून हजारपट बारीक. निबंध छापून आला. मग दुसऱ्या एका प्रयोगशाळेने कळवलं, आम्हाला नुसते गोळे मिळतात. नियतकालिकाने विचारलं, नळ्या पुन्हा करून दाखवता की निबंध मागे घेता? ताईंची पदवी त्याच निबंधावर उभी होती.

ताईंनी पुन्हा प्रयोग केला. गोळे. पाणी बदललं, बाटल्या बदलल्या. गोळे.

"तुमचा हात बिघडलाय," सर म्हणाले.

"हात तोच आहे, सर."

"मग निबंधाच्या वेळी कुणाचा होता?"

घरी नवऱ्याने धीर दिला. "गोळे तर गोळे. गोल असण्यात वाईट काय? मला नाही का पसंत केलंस?"

ताई हसल्या नाहीत. त्याने पोट आत घेतलं.

निबंधानंतर संस्थेने नवा सूक्ष्मदर्शक घेतला होता, तोही प्रयोगशाळेच्या शेजारच्याच खोलीत. पूर्वी नमुना घेऊन आवाराच्या पार टोकाला, जुन्या इमारतीतल्या जुन्या सूक्ष्मदर्शकाकडे जावं लागे. आता दार उघडलं की झालं. नियतकालिकाने दिलेल्या मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात मात्र त्या खोलीला कुलूप लागलं. कुणी मोठे पाहुणे उद्घाटनाला येणार होते, आणि सहा महिने वापरलेलं यंत्र तोवर कोरं दिसायला हवं होतं.

ताई चरफडत जुन्या इमारतीकडे निघाल्या. बाटली पडू नये म्हणून, पूर्वीसारखीच, मुठीत घट्ट धरलेली. तिथल्या पडद्यावर नळ्याच नळ्या.

फोन गेला तसे सर धापा टाकत आले. "काय केलंत?"

"काहीच नाही. चालत आले."

"चालण्याने नळ्या होतात?"

"मला काय माहीत? बघा की, उरलेला नमुना हा इथे."

सरांनी त्यांच्या मुठीतून बाटली घेतली आणि चाचपली. मग म्हणाले, "कोमट आहे ही."

दुसऱ्या दिवशी दोघांनी एकच द्रावण दोन बाटल्यांत ओतलं. गारठलेल्या प्रयोगशाळेत तशीच ठेवलेली बाटली: गोळे. अंगाइतक्या कोमट पाण्यात हलवत ठेवलेली: नळ्या. पुन्हा केलं, तरी तेच. ताई खुर्चीत बसल्या आणि कित्येक महिन्यांनी त्यांनी पाठ टेकली.

"हात चांगला आहे हो तुमचा," सर म्हणाले.

"निबंधाच्या दुरुस्तीत मुठीचं लिहायचं का?"

"छे! शरीराच्या तापमानाला, मंद हालचालीत, एवढंच लिहा. मूठ म्हटलं तर विचारतील, डावी की उजवी."

त्या दुसऱ्या प्रयोगशाळेलाही नळ्या मिळाल्या. निबंध टिकला, ताईंना पदवी मिळाली. पहिलं वाक्य कुणी बदललं नाही.

या नळ्यांचा अजून कशालाही उपयोग सापडलेला नाही.